खंडित राजचरित्राचे वाचन : परमानंदाचे ‘शिवभारत’ आणि प्लुटार्कची रोमन सम्राटचरित्रे

सारांश

प्राचीन व मध्ययुगीन राजचरित्रांपैकी अनेक चरित्रे आज खंडित स्वरूपात उपलब्ध आहेत. ग्रीक लेखक प्लुटार्क याने लिहिलेल्या आठ रोमन सम्राटांच्या चरित्रांपैकी केवळ दोन शिल्लक आहेत. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य इ.स. १६६१ च्या घटनांपाशी तुटते. उरलेल्या भागावरून संपूर्ण ग्रंथाविषयी मत बनवणे आणि हरवलेला भाग इतर साधनांनी भरून काढणे, या दोन सवयींचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. कुडाळ-मालवण प्रदेशाच्या इतिहासलेखनाच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

बीजसंज्ञा : राजचरित्र, खंडित संहिता, शिवभारत, अनुपुराण, प्लुटार्क, बखर.

१. प्रस्तावना

कवींद्र परमानंदकृत ‘शिवभारत’ हा ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकापाशी थांबतो. शिवाजी महाराजांची शृंगारपूरवरील मोहीम चालू असतानाच कथन तुटते. पुढे काय झाले हे वाचकाला इतर साधनांमुळे ठाऊक असते. त्यामुळे ग्रंथ तुटला आहे याची जाणीव त्याला फार काळ राहत नाही. तो मनातल्या मनात ग्रंथ पूर्ण करतो आणि पुढे त्या पूर्ण केलेल्या ग्रंथाविषयीच बोलू लागतो. मराठीतील समीक्षा आणि इतिहासलेखन या दोन्ही क्षेत्रांत ही प्रवृत्ती आढळते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कुडाळ आणि मालवण यांच्या मध्ये, कर्ली नदीच्या काठी वसलेल्या वालावलसारख्या गावाचा विचार केला तर तो प्रत्यक्ष समोर उभा राहतो. लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि त्यालगतचा तलाव यांमुळे परिचित असलेले हे गाव ज्या कुडाळ प्रांतात येते, तो प्रांत शिवकालात आदिलशाही, वाडीकर सावंत आणि मराठी सत्ता यांच्या संघर्षाचे क्षेत्र होता. या प्रदेशाचा शिवकालीन इतिहास लिहिताना समकालीन चरित्रग्रंथ म्हणून ‘शिवभारता’चा आधार घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. मात्र या प्रदेशातील निर्णायक घटना इ.स. १६६४ नंतरच्या आहेत आणि उपलब्ध ‘शिवभारत’ त्यापूर्वी तीन वर्षे थांबते. ज्या पानांची येथील अभ्यासकाला सर्वाधिक गरज आहे, नेमकी तीच पाने नाहीत.

अशा ग्रंथाचे वाचन कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्लुटार्कच्या सम्राटचरित्रांचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे. दोन्ही लेखकांचा काळ, भाषा आणि परंपरा सर्वस्वी भिन्न आहेत; त्यांच्यात प्रभावाचा संबंध शोधण्याचा हेतू येथे नाही. खंडित राजचरित्र वाचण्याची जी शिस्त पाश्चात्त्य अभ्यासकांना प्लुटार्कच्या बाबतीत अंगी बाणवावी लागली, तिचा ‘शिवभारता’च्या अभ्यासाला कोणता उपयोग होऊ शकतो, एवढेच पाहायचे आहे.

२. प्लुटार्कची सम्राटचरित्रे : उरलेले आणि हरवलेले

प्लुटार्क (सुमारे इ.स. ४६ ते १२०) हा ग्रीसमधील कायरोनिया या लहान गावचा रहिवासी. ग्रीक आणि रोमन थोर पुरुषांच्या जोड्या लावून लिहिलेल्या ‘समांतर चरित्रां’मुळे तो जगाला परिचित आहे. त्याने याखेरीज ऑगस्टसपासून व्हिटेलिअसपर्यंतच्या आठ रोमन सम्राटांची चरित्रेही लिहिली होती. ऑगस्टस, टायबेरिअस, कॅलिग्युला, क्लॉडिअस, नीरो आणि व्हिटेलिअस यांची चरित्रे आज उपलब्ध नाहीत. उरली आहेत ती गॅल्बा आणि ऑथो यांची.

हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. ऑगस्टसने चार दशकांहून अधिक काळ राज्य केले, गॅल्बा इ.स. ६८ च्या जूनमध्ये सत्तेवर आला आणि १५ जानेवारी ६९ रोजी मारला गेला. ऑथोने तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, जेमतेम तीन महिन्यांनी, आत्महत्या केली. साम्राज्याचा पाया घालणाऱ्याचे चरित्र नष्ट झाले आणि काही महिन्यांच्या धन्यांची चरित्रे राहिली.

उरलेल्या भागावरून लेखकाची प्रतिमा कशी बदलते, हे येथे स्पष्ट दिसते. गॅल्बाच्या चरित्राच्या प्रारंभी प्लुटार्क सैन्याच्या शिस्तीविषयी विवेचन करतो. पैशाची चटक लागलेले आणि सेनापतीला न जुमानणारे सैनिक राज्य कसे रसातळाला नेतात, हे त्याचे सूत्र आहे. दोन्ही चरित्रांत ते कायम राहते. यावरून सम्राटचरित्रांचा प्लुटार्क हा सैनिकी अराजकाचा भाष्यकार होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ऑगस्टसचे दीर्घ आणि स्थिर राज्य त्याने कोणत्या सूत्रात मांडले असेल, हे त्यावरून सांगता येत नाही. सैनिकी अराजक हा इ.स. ६९ या वर्षाचा विषय आहे. तो संपूर्ण मालिकेचा विषय होता असे मानण्यास आधार नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. अलेक्झांडरच्या चरित्राच्या आरंभी प्लुटार्कने आपण इतिहास लिहीत नसून चरित्र लिहीत आहोत आणि मोठ्या लढायांपेक्षा एखादा लहानसा प्रसंग किंवा विनोदही माणसाचा स्वभाव अधिक दाखवतो, असे सांगितले आहे. हे विधान त्याच्या सर्व चरित्रलेखनाला लावण्याची प्रथा आहे. गॅल्बाच्या चरित्रातील भूमिका मात्र वेगळी आहे. प्रत्येक घटनेचा तपशील देणे हे इतिहासकाराचे काम असले, तरी सम्राटांच्या कृती आणि त्यांच्यावर ओढवलेले प्रसंग यांतील उल्लेखनीय गोष्टी आपल्याला टाळता येणार नाहीत, अशा आशयाचे तो लिहितो. घटनाक्रमाला येथे स्वभावचित्रणाइतकेच स्थान आहे. पूर्ण उरलेल्या ग्रंथाचे निकष खंडित ग्रंथाला लावल्यास हा फरक नजरेआड होतो.

या चरित्रांच्या खंडितपणाचे स्वरूप निश्चित करता येते, हे महत्त्वाचे आहे. त्यासाठी दोन प्रकारचे पुरावे आहेत. पहिला बाह्य : लॅम्प्रिअसच्या नावाने चालत आलेल्या प्लुटार्कच्या २२७ ग्रंथांच्या प्राचीन सूचीत हरवलेल्या सम्राटचरित्रांची नावे आहेत. दुसरा अंतर्गत : गॅल्बाच्या चरित्रात निम्फिडिअस सॅबायनस या अधिकाऱ्याचा उल्लेख ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ अशा अर्थाच्या शब्दांनी येतो, म्हणजे तो नीरोच्या चरित्रात आधी येऊन गेला होता. ऑथोचे चरित्र तर कोणत्याही प्रस्तावनेशिवाय, नवा सम्राट पहाटे कॅपिटोल टेकडीवर यज्ञासाठी गेला, या वाक्याने सुरू होते. आठ चरित्रे स्वतंत्र नव्हती, ती एका सलग कथनाची प्रकरणे होती, हे यावरून सिद्ध होते. ती लिहून पूर्ण झाली होती आणि नंतर नष्ट झाली, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येतो.

३. ‘शिवभारत’ : ग्रंथ आणि त्याचा तुटलेला शेवट

परमानंद हा नेवाशाचा कवी, एकवीरा देवीचा उपासक. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून त्याने हे काव्य रचले. काशीला गेलेल्या कवीला तेथील पंडित शिवचरित्र सांगण्याची विनंती करतात आणि गंगेच्या तीरी तो ते कथन करतो, अशी ग्रंथाची चौकट आहे. पुराणांच्या धर्तीवरची ही संवादरचना आणि ‘भारत’ हे नाव यांवरून कवीसमोर महाभारताचा आदर्श होता हे उघड आहे. ग्रंथ स्वतःला ‘अनुपुराण’ म्हणवतो. रचनाकाळ सामान्यतः राज्याभिषेकाच्या, म्हणजे इ.स. १६७४ च्या, आसपासचा मानला जातो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिताच्या आधारे सदाशिव महादेव दिवेकर यांनी इ.स. १९२७ मध्ये तो मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केला. जेम्स लेन यांनी श्रीकांत बहुलकर यांच्या साहाय्याने केलेले इंग्रजी भाषांतर इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपलब्ध ग्रंथाचा विस्तार मालोजीराजांपासून शृंगारपूरच्या मोहिमेपर्यंत आहे. प्रारंभीच्या अध्यायांत शहाजीराजे हेच नायक आहेत. भातवडीची लढाई आणि त्यांचा निजामशाहीच्या रक्षणासाठीचा प्रयत्न विस्ताराने येतो. सहाव्या अध्यायात शिवजन्म आहे. पुढे शहाजीराजांची कैद, पुरंदरजवळचे युद्ध, जावळी, अफजलखानाचा वध, पन्हाळ्याचा वेढा, शाइस्ताखानाची स्वारी, उंबरखिंडीत करतलबखानाचा पराभव आणि कोकणातील दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा प्रवास येतो.

गॅल्बा-ऑथोच्या बाबतीत जी चूक संभवते, ती येथेही संभवते. अफजलखान प्रकरण उपलब्ध ग्रंथाच्या मध्यभागी असून त्याला मोठा विस्तार लाभला आहे. त्यावरून हा प्रसंग काव्याचा कळस आहे, असे म्हटले जाते. बत्तीस अध्यायांच्या तुकड्यात तो मध्यभागी आहे हे खरे. काव्य राज्याभिषेकापर्यंत गेले असते तर त्याचे स्थान पूर्वार्धात आले असते आणि कळस अन्यत्र असता. प्रमाणबद्धतेविषयीचे कोणतेही विधान करताना ते उपलब्ध भागापुरते आहे, हे नमूद करणे आवश्यक ठरते.

कोणता भाग टिकला, यावर अभ्यासाची दिशाही अवलंबून असते. लोकमान्य टिळकांनी इ.स. १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी होती. ती पारंपरिक शके १५४९ पेक्षा वेगळी असल्याने वाद निर्माण झाला. ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळल्यामुळे त्या मताला मोठे बळ मिळाले आणि पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनमान्य झाली. हस्तलिखिताचा शेवट टिकून आरंभीचे सहा अध्याय नष्ट झाले असते तर हा पुरावा मिळालाच नसता. एका ग्रंथाचे ऐतिहासिक मोल पोथीच्या कोणत्या बाजूची पाने शाबूत राहिली यावर काही अंशी ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

४. अपूर्ण की नष्ट?

प्लुटार्कची चरित्रे पूर्ण लिहिली गेली होती, हे सिद्ध करता येते. ‘शिवभारता’विषयी तसे निश्चित विधान करण्याजोगा बाह्य पुरावा नाही. लॅम्प्रिअसच्या सूचीसारखी परमानंदाच्या ग्रंथांची सूची नाही. अध्यायांच्या समाप्तिवाक्यांत ‘शतसाहस्री संहिता’ असा उल्लेख येतो. पण लक्ष श्लोकांची संहिता हे महाभारताचे परंपरागत विशेषण आहे. त्यावरून प्रत्यक्ष विस्ताराचा हिशेब मांडणे योग्य नव्हे.

मग संहितेतील पुराव्याकडेच वळावे लागते. ग्रंथ अध्यायाच्या शेवटी थांबत नाही, नऊ श्लोकांनंतर मध्येच थांबतो. रचना थांबवणारा कवी बहुधा अध्याय पूर्ण करून थांबेल. पोथी मात्र कोठेही तुटू शकते. शिवाय काशीतील श्रोत्यांची चौकट मिटत नाही. या दोन गोष्टी लिहिलेला पुढील भाग नष्ट झाला असावा या तर्काला अनुकूल आहेत. याउलट, कवी आकस्मिक कारणाने थांबला असेल तरीही ग्रंथ असाच दिसेल. म्हणून ‘नष्ट’ हा शब्द वापरताना तो तर्क आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

एक गोष्ट मात्र निश्चित आहे. सामग्रीच्या अभावी कवी १६६१ पाशी थांबला, असे म्हणता येत नाही. ग्रंथाचा रचनाकाळ त्यानंतरचा आहे आणि आग्रा प्रकरणाशी संबंधित राजस्थानी पत्रांत कवींद्र परमानंदाचे नाव येते, म्हणजे इ.स. १६६६ च्या त्या प्रवासाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध होता. प्लुटार्कने बेड्रिआकमची रणभूमी एका रोमन मित्रासमवेत स्वतः पाहिली होती आणि ब्रिक्सेलम येथील ऑथोची साधी समाधीही. त्याची ती साक्ष ऑथोच्या चरित्रात टिकून राहिली. आग्र्याच्या प्रवासाची परमानंदाची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली नाही.

परमानंदाच्या घराण्यातील देवदत्त व गोविंद यांच्याशी निगडित असलेला अनुपुराणाचा पुढील भागही खंडित स्थितीत सापडला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी तो ‘परमानंदकाव्यम्’ या नावाने इ.स. १९५२ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केला. त्यात संभाजीराजांच्या काळापासूनचा वृत्तांत येतो. १६६१ नंतरच्या मोठ्या कालखंडाची उणीव त्याने भरून निघत नाही.

५. तुटलेली सूत्रे आणि कुडाळ-मालवणचा प्रदेश

खंडित ग्रंथात केवळ शेवट हरवत नाही. आधी सुरू झालेली सूत्रेही अधांतरी राहतात. ‘शिवभारता’त अशी किमान तीन सूत्रे स्पष्ट दिसतात.

पहिले शहाजीराजांचे. ज्यांच्या पराक्रमाने ग्रंथ सुरू होतो, त्यांचा मृत्यू इ.स. १६६४ च्या जानेवारीत झाला. पित्याच्या निधनाचा प्रसंग परमानंदाने कसा रंगवला असता, हे आपल्याला माहीत नाही. दुसरे शाइस्ताखानाचे. तो पुण्यात येतो, चाकण घेतो. लाल महालावरील १६६३ चा छापा ग्रंथाबाहेर आहे. उपलब्ध काव्यात तो विजयीच राहतो.

तिसरे सूत्र बाजी घोरपडे यांचे, आणि ते कुडाळपर्यंत येऊन पोहोचते. इ.स. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करणाऱ्यांत घोरपडे होते. ग्रंथात हा प्रसंग विश्वासघाताच्या स्वरूपात येतो. त्याची परिणती इ.स. १६६४ च्या अखेरीस घोरपड्यांच्या मृत्यूत झाली. हा काळ कुडाळच्या मोहिमेचाच आहे. आदिलशाहीचा सरदार खवासखान कुडाळ प्रांतात उतरला होता, वाडीकर सावंत आदिलशाहीच्या बाजूने होते आणि शिवाजी महाराजांनी खवासखानाला मागे हटवले. त्याच सुमारास, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून जहाजांनी बसरूरच्या मोहिमेवर गेले. किल्ल्याचे काम १६६७ मध्ये पूर्ण झाले.

अफजलखान प्रकरणाआधी सुरू झालेले एक वैर कुडाळच्या मोहिमेच्या काळात संपते, ही रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. पुराणपद्धतीच्या काव्यात पातक आणि त्याचे फळ यांची सांगड अपेक्षित असते. परमानंदाने तिचा उपयोग केला असता असे अनुमान करता येईल. पण ते अनुमानच राहील. उपलब्ध ‘शिवभारता’त कोकण आहे, ते रत्नागिरी जिल्ह्यातील आजच्या संगमेश्वर-राजापूरपर्यंतचे. कर्ली नदीचा परिसर, सिंधुदुर्ग आणि वाडीकर सावंतांशी झालेला समझोता हा तुटलेल्या कथनाच्या पलीकडचा विषय आहे. म्हणून या प्रदेशाविषयीच्या एखाद्या विधानाला ‘शिवभारता’चा सर्वसाधारण आधार दिलेला आढळल्यास, तो कोणत्या अध्यायाचा, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

६. रिकामी जागा भरण्याची पद्धत

रिकामी जागा भरण्यासाठी साधने नाहीत, असे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे इ.स. १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या निधनापर्यंतचा वृत्तांत आहे. जयराम पिंड्येच्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्याना’त इ.स. १६७३ मधील पन्हाळ्याच्या विजयाचे वर्णन आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. घटनांचा क्रम लावण्यासाठी या साधनांचा उपयोग व्हावा, यात दुमत नाही.

अडचण निर्माण होते ती ही साधने ‘शिवभारता’ची पुढील प्रकरणे असल्याप्रमाणे वाचली जातात तेव्हा. सभासदाने लिहिले तेव्हा चरित्रनायक हयात नव्हता, रायगड शत्रूच्या हाती गेला होता आणि छत्रपती दूर जिंजीला होते. गमावलेल्या वैभवाची आठवण नव्या राजाला करून देणे, हे त्याच्या लेखनामागचे निकड असलेले प्रयोजन होते. म्हणून त्याच्या बखरीत गडांची, खजिन्याची, फौजेची मोजदाद येते. परमानंद हयात राजाविषयी, पंडितांना उद्देशून, संस्कृतात लिहीत होता. राजाचे अवतारत्व आणि त्याच्या युद्धांची धर्म्यता प्रस्थापित करणे हे त्याचे प्रयोजन होते. एकाला शेवट ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही. दोघांचे कथन जोडून केलेल्या चरित्रात हा फरक पुसला जातो आणि वाचकाला एकच सलग, एकमुखी परंपरा असल्याचा भास होतो.

रोमच्या इतिहासातही हा मोह आहे. इ.स. ६९ च्या घटनांसाठी प्लुटार्कबरोबर टॅसिटस आणि सुएटोनिअस उपलब्ध आहेत. टॅसिटसच्या ‘इतिहासा’चे पहिले चार भाग व पाचव्याचा काही अंश उरला आहे, सुएटोनिअसच्या बारा सीझरांच्या चरित्रांपैकी पहिल्याचा आरंभ गहाळ आहे. सुएटोनिअसचे वडील ऑथोच्या सैन्यात अधिकारी होते आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली हकीगत त्याने नोंदवली आहे. अभ्यासक या तिघांची तुलना करतात. पण प्लुटार्कचे हरवलेले ‘नीरो’ सुएटोनिअसच्या ‘नीरो’वरून रचू पाहत नाहीत. घटना एक असली तरी चरित्र एक नसते, ही मर्यादा तेथे पाळली जाते.

७. निष्कर्ष

(१) खंडित चरित्राविषयी विधान करताना ते उपलब्ध भागाविषयी आहे की संकल्पित ग्रंथाविषयी, हे स्पष्ट केले पाहिजे. ‘शिवभारता’ची प्रमाणबद्धता, कळस आणि समाप्ती यांविषयीची मते पहिल्या प्रकारातच मोडतात.

(२) ‘अपूर्ण’ आणि ‘नष्ट’ या दोन अवस्था भिन्न आहेत. प्लुटार्कच्या बाबतीत दुसरी सिद्ध करता येते. परमानंदाच्या बाबतीत ती संभाव्य आहे.

(३) इतर साधनांनी घटनाक्रम पूर्ण करता येतो. लेखकाची दृष्टी पूर्ण करता येत नाही. सभासद हा परमानंदाचा उत्तराधिकारी नव्हे.

(४) कुडाळ-मालवण प्रदेशाच्या शिवकालीन इतिहासासाठी ‘शिवभारत’ हे प्रत्यक्ष साधन नाही. तेथे दप्तरे, समकालीन पत्रव्यवहार, पोर्तुगीज व इंग्रज नोंदी आणि बखरी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. ही मर्यादा मान्य केल्याने या प्रदेशाचे महत्त्व उणावत नाही. उलट, ज्या घटना राजाच्या आज्ञेने लिहिलेल्या काव्यातून आपल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, त्यांचा शोध स्थानिक कागदपत्रांतून घेण्याची जबाबदारी येथील महाविद्यालयीन अभ्यासकांवर अधिक येते. परमानंदाची पोथी महाराष्ट्रापासून दूर तंजावरला टिकून राहिली. उरलेली पाने कोठे असतील हे सांगता येत नसले, तरी देवस्थानांची व घराण्यांची दप्तरे नीट उलगडून पाहणे हे काम हाती घेण्याजोगे आहे.